चार वाजताची भटकंती

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक कुलकर्णी काका यांचा फोन आला. "नीता, तुझ्या सायन्सवर काहीतरी दे. मुलांना इन्स्पिरेशन मिळेल असं. एकाच गोष्टीवर फोकस केलं की माणूस कुठे पोचतो, असं काहीतरी." त्या वेळी मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि तिथून परत स्वयंपाकघरात अशा फेऱ्या मारत होते. एका जागी बसून फोनवर बोलणं मला जमत नाही. फोकसवर लिहायला काकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या अख्ख्या श्रूजबरी गावातून नेमकी मलाच शोधून काढावी याचं मला हसू आलं, आणि मी हो म्हणून बसले. आता लिहायला घेतलं आहे, तर एवढ्यात दोनदा उठून झालं. एकदा चहासाठी आणि एकदा उगाच.

मी काय काम करते असं मंडळात कोणी विचारलं, की माझा नवरा सुहास परस्पर सांगून टाकतो, "ती प्लास्टर बनवते." ते अगदीच खोटं नाही. हाडात पोकळी राहिली तर ती भरायला सर्जन जी पांढरी पेस्ट वापरतात ती, आणि दातांचे साचे करायला जी पावडर लागते ती, अशा वस्तू बनवणाऱ्या कंपनीत मी आहे. दोन्हींच्या मुळाशी जिप्सम नावाचं खनिज. ज्यांना हे नाव परकं वाटतं त्यांनी गणपतीची प्लास्टरची मूर्ती आठवावी. जिप्सम भाजलं की ती पावडर होते, आणि पाणी घातलं की पावडरीचं पुन्हा जिप्सम होतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर नुसतं शेजारच्या भिंतीवर टकटक करावं, आत तेच भरलेलं आहे. पण मी या देशात आले ती जिप्समसाठी नव्हे. मी आले होते प्रोटीनचे स्फटिक बनवायला, आणि ते करताना मी जिथे-तिथे नाक खुपसत राहिले, त्याची ही हकिकत आहे.

आधी तो धंदा समजावून सांगते. आपल्या शरीरातली बहुतेक कामं प्रोटीन करतात. प्रत्येक प्रोटीनला स्वतःचा आकार असतो, आणि तो आकार कळला तर ते काम कसं करतं ते कळतं. पण प्रोटीन इतकं बारीक, की साध्या भिंगातून ते दिसणं अशक्य. म्हणून त्याचा स्फटिक बनवायचा. म्हणजे कोट्यवधी प्रोटीनना शाळेच्या कवायतीतल्या मुलांसारखं रांगेत उभं करायचं, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि किरण कसे विखुरले त्यावरून आकार काढायचा. ऐकायला सोपं आहे. वाटीतलं मिठाचं पाणी सुकलं की मिठाचा खडा आपोआप तयार होतो, प्रोटीनचं पाणी सुकलं की बहुतेक वेळा नुसता चिकट गाळ उरतो. त्यामुळे आम्ही काय करायचो, तर प्रोटीनचे इवलेसे थेंब घ्यायचे, त्यातलं पाणी हळूहळू ओढून घ्यायला वेगवेगळे क्षार वापरायचे, असे शेकडो थेंब बंद करून ठेवायचे आणि रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली एकेक बघत जायचं. याला आमच्या लॅबमध्ये "थेंब बघणं" म्हणत. माझ्या आयुष्यातली चार वर्षं थेंब बघण्यात गेली आणि त्यात बहुतेक गाळच होता.

ही लॅब होती बार्बराची. मॅसॅच्युसेट्समधल्याच एका विद्यापीठात ती प्राध्यापक होती, तेव्हा साठीला आलेली, उंच, आखूड पांढऱ्या केसांची. हाडं घडत असताना कॅल्शियमला पकडून ठेवणारं एक प्रोटीन आहे, त्या एका प्रोटीनवर तिने अख्खी हयात घातली होती. त्याचे सगळे गुण-अवगुण तिला पाठ होते, फक्त आकार माहीत नव्हता. लॅबच्या फ्रिजमध्ये सगळ्यात मागे शॅम्पेनची एक बाटली होती. पहिला स्फटिक आला की उघडायची, म्हणून. ती मी यायच्या आधीपासून तिथे होती. तिला नुसतं "बार्बरा" म्हणायचं, असा तिकडचा रिवाज. मी अमरावतीच्या कॉलेजात शिकलेली, जिथे बाईंच्या सावलीलाही "मॅडम" म्हणायचो. पहिली दोन वर्षं मी तिला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे आणि तिने वर बघायची वाट बघायचे.

भटकंती सुरू झाली ती भुकेपोटी. विद्यापीठात रोज दुपारी चार वाजता कुठल्या ना कुठल्या विभागात बाहेरून आलेल्या कोणाचं तरी व्याख्यान असायचं आणि व्याख्यानाला गर्दी व्हावी म्हणून बाहेर पिझ्झा ठेवलेला असायचा. सोमवारी वनस्पतिशास्त्र, बुधवारी खगोल, गुरुवारी भूगर्भशास्त्र. विद्यार्थी पिझ्झा उचलून मागच्या दाराने पसार व्हायचे. मला ते जमत नव्हतं, कारण मी शाकाहारी. चीजचा पिझ्झा सगळेच खातात, म्हणून तो आधी संपतो, म्हणून मला सगळ्यांच्या आधी जावं लागायचं, आणि आधी गेलेल्या माणसाला आयोजक प्रेमाने पहिल्या रांगेत नेऊन बसवतात. वक्ता समोर, तोंडात पिझ्झा, पळणार कुठे? अशी मी दोन तुकड्यांच्या मोबदल्यात शेवाळं, उल्का आणि ज्वालामुखी ऐकून घेतले. आणि मग एक दिवस लक्षात आलं, की भूक नसली तरी चार वाजले की माझे पाय आपोआप लॅबबाहेर पडतात.

माझी त्या काळातली अवस्था सांगून कोणाला खरी वाटणार नाही. थेंब बघताना मनात उल्का. उल्कांच्या व्याख्यानात बसलं की थेंबांची काळजी. एक विषय जरा कळायला लागला की दुसऱ्याची तहान लागायची आणि दुसऱ्यात शिरले की पहिला अर्धवट सोडल्याची टोचणी. रात्री झोपताना वाटायचं, बाकीचे लोक एकेक विहीर खणत खाली चालले आहेत आणि आपण नुसते काठाकाठाने धावतो आहोत. सुहास तेव्हा वूस्टरला आयटीत नव्याने लागला होता. तो म्हणायचा, "अगं, आधी डिग्री कंप्लीट कर ना यार. मग फिर हवं तिथे. इमिग्रेशनवाल्यांना काय सांगणार, मी पिझ्झा खात होते?" त्याचं बरोबर होतं. माझ्या व्हिसाचा सगळा डोलारा त्या डिग्रीवर उभा होता. तिकडे अमरावतीत बाबांनी गल्लीतल्या यच्चयावत लोकांना मुलगी डॉक्टर होणार असं सांगून ठेवलेलं.

चौथ्या वर्षी मी कहर केला. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक टॉम यांच्या खनिजांच्या वर्गात जाऊन बसायला लागले. परीक्षा नाही, नाव नोंदवलेलं नाही, नुसतं बसायचं. टॉम हा गोलमटोल, सदा खुशीतला माणूस. तो दगडाची पातळ चकती मायक्रोस्कोपखाली ठेवायचा आणि तिच्या खाली-वर दोन खास काचा लावायचा. उन्हाच्या चष्म्यांना असतात तशा, पण एकमेकींना आडव्या, त्यामुळे सगळं काळंकुट्ट व्हायचं. आणि त्या काळोखात खनिज मात्र रंगांनी पेटायचं. निळा, गुलाबी, पिवळा. चकती फिरवली की रंग विझायचे आणि पुन्हा उजळायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने "अगंबाई!" निघालं आणि वर्गातल्या पोरांनी माना वळवल्या.

बार्बराला कळायचं ते कळलंच. तिने मला खोलीत बोलावलं. ती अर्थातच इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहिते आहे.

"नीता, तू हुशार आहेस. पण तुला सगळंच आवडतं. सगळं आवडणं म्हणजे काहीच न निवडणं."

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं.

"दगडांचा वर्ग बंद कर. डिसेंबरपर्यंत मला एक तरी स्फटिक दिसला पाहिजे. नाहीतर मास्टर्सची डिग्री घे आणि जा. मी चिडून नाही म्हणत. तुझं आयुष्य फुकट जाऊ नये म्हणून म्हणते आहे."

तिकडे पीएचडी होत नाही अशा विद्यार्थ्याला मास्टर्स देऊन वाटेला लावतात. दिसायला सन्मान, पण सगळ्यांना माहीत असतं काय झालं ते. माझं धाबं दणाणलं. पुढचे दोन महिने मी डोळ्यात तेल घालून थेंब बघितले. गुरुवारचा वर्ग मात्र सुटला नाही. जिना उतरताना दर वेळी ठरवायचे की नाही जायचं, आणि पाय नेमके तिकडेच वळायचे.

आणि नोव्हेंबरात स्फटिक आला. थेंबाच्या मधोमध, एकच, स्वच्छ, काचेसारखा. एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला खाच, एखाद्या माशाच्या शेपटीसारखी. लॅबमधले सगळे धावत आले. बार्बरा मायक्रोस्कोपवर वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. उठली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिने फ्रिज उघडला आणि ती शॅम्पेनची बाटली मागच्या कप्प्यातून पुढच्या कप्प्यात आणून ठेवली. क्ष-किरणांच्या मोठ्या केंद्रात आम्हाला दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. मी बाबांना फोन केला. त्यांनी पेढे वाटले.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोम सांगायला हवी. स्फटिक प्रोटीनचा आहे की साध्या क्षाराचा, हे ओळखायची जुनी रीत म्हणजे बारीक सुई घेऊन तो दाबायचा. क्षाराचा असेल तर "कट्" असा आवाज करून तुटतो. प्रोटीनच्या स्फटिकात निम्मं पाणीच असतं, तो आवाज न करता विरघळल्यासारखा चुरतो. दहा स्फटिक आले की एकाचा बळी देऊन बघतात. पण एकच असेल तर? आमच्या लॅबमध्ये एकट्या स्फटिकाला कोणी सुई लावत नसे. इतकी वर्षं वाट बघून आलेल्या गोष्टीचा असा भुगा कोण करणार? त्यामुळे तो नुसताच बघितला गेला. तीन पट्टीच्या स्फटिकवाल्यांनी रोज सकाळी त्याचं दर्शन घेतलं आणि कोणाच्याही मनात शंका आली नाही.

पुढच्याच गुरुवारी टॉमने वर्गात एक नमुना फिरवायला दिला. तळहाताएवढा, पारदर्शक, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला खाच. "याला माशाची शेपटी म्हणतात," तो म्हणाला. "जिप्सम. दोन स्फटिक पाठीला पाठ लावून वाढले की असा आकार होतो."

तो खडा माझ्या हातात होता आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमचं प्रोटीन कॅल्शियम धरणारं, म्हणून थेंबात मी स्वतः कॅल्शियम घातलं होतं. पाणी ओढायला वापरलेला क्षार होता सल्फेट. कॅल्शियम आणि सल्फेट पाण्यात भेटले की काय होतं, हे अकरावीतलं पोरगंही सांगेल. जिप्सम होतं. आम्हाला सांगता आलं नाही, कारण आम्हाला ते नकोच होतं.

त्या दुपारी मी विद्यापीठाच्या आवारात किती चकरा मारल्या कोण जाणे. गप्प बसता आलं असतं. थोड्याच दिवसांत त्या मोठ्या यंत्राने जे सांगायचं ते सांगितलंच असतं, आणि मला आधी माहीत होतं हे कोणालाही कळलं नसतं. सांगायचं तर दोन गोष्टी एकदम सांगाव्या लागणार होत्या. तुझा स्फटिक खोटा आहे, आणि तू बंद करायला सांगितलेल्या वर्गात बसूनच मला ते कळलं. पण अंगातली घालमेल मला गप्प बसू देईना. टॉमकडून त्या दोन काचा मागून आणल्या, लॅबमध्ये कोणी नसताना थेंबाच्या खाली-वर धरल्या. प्रोटीन असतं तर फिकट राखाडी दिसलं असतं. माझा स्फटिक निळ्या-गुलाबी रंगांनी झगमगत होता. इतकी सुंदर वस्तू बघून रडणारी मी बहुधा एकटीच असेन.

बार्बराला सांगितलं. तिने सुई उचलली आणि मायक्रोस्कोपवर वाकली. खोलीत इतकी शांतता होती की तो आवाज मलाही ऐकू आला. कट्.

चार वर्षं राबून मी गणपतीच्या मूर्तीचा कच्चा माल तयार केला होता, तोही भिंगाशिवाय न दिसणारा.

"हे तुला कुठे कळलं?" तिने पाठमोरीच विचारलं.

"टॉमच्या वर्गात."

"मी बंद करायला सांगितलेल्या."

"हो."

ती फ्रिजकडे गेली. बाटली परत मागच्या कप्प्यात ठेवली. "डिसेंबरची मुदत तशीच आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा असा पडला होता की मला तिचा रागसुद्धा आला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आठवलं तरी जीव घाबरतो. बॅग भरायची मनाची तयारी करत होते. पण एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. प्रोटीन न घातलेल्या थेंबांत मी मुद्दाम जिप्सम बनवून बघितलं. तिथे नुसत्या बारीक सुया आल्या. माशाची शेपटी फक्त प्रोटीनवाल्या थेंबात यायची. म्हणजे प्रोटीन नुसतं बघत बसलं नव्हतं, खनिजाला वळण लावत होतं. जे ते हाडात करत असेल, तेच माझ्या थेंबात करून दाखवत होतं. मी पळतच टॉमकडे गेले, आणि तिथून बार्बराकडे. पीएचडीच्या परीक्षकांत एक जण बाहेरच्या विभागातला असावा लागतो. सगळे जण असा शोधतात की जो फारसे प्रश्न विचारणार नाही. मी टॉमचं नाव पुढे केलं आणि विषय बदलून मागितला.

बार्बराने माझे सगळे फोटो दोनदा बघितले. मग म्हणाली, "हे माझं क्षेत्र नाही. त्यामुळे चांगलं म्हणायचा मला अधिकार नाही आणि वाईट म्हणायचाही नाही. कर."

अशी मी डॉक्टर झाले. शेवटच्या परीक्षेत टॉम तासभर प्रश्न विचारत राहिला. बार्बराने एकच विचारला. "आणि प्रोटीनचा आकार?" मी म्हणाले, "माहीत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबा फोनवर रडले, पण तो प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच.

जिप्समही कळणारी प्रोटीनवाली म्हणून मला कंपनीत नोकरी मिळाली, आणि भटकायचा पगार मिळायला लागला. गिऱ्हाइकाची तक्रार आली की रसायनवाले म्हणतात आमचा दोष नाही, यंत्रवाले म्हणतात आमचा नाही, मग मला पाठवतात. एकदा चँडलर नावाच्या दूरच्या गावी गेले होते. तिथे दातांचे साचे बनवणारा एक छोटा कारखानदार होता, रिक नावाचा, भलता तापट. आमची पावडर त्याच्याकडे कालवता कालवता घट्ट व्हायची. "तुम्ही मला सिमेंट विकता!" म्हणून त्याने आमच्या साहेबांना फोनवर झापलं होतं. मी गेले. पाणी तपासलं, हवेतला उष्मा बघितला, पोती बघितली. सगळं ठीक. मला स्वस्थ बसवेना म्हणून त्याच्या सिंकपाशी जाऊन उभी राहिले, तर कालवायच्या रबरी वाट्यांना आतून जुन्या प्लास्टरचा पातळ थर. रिक त्या नुसत्या पाण्याखाली हलवून पुन्हा वापरायचा. तो थर म्हणजे जिप्समचे तयार स्फटिक. नव्या पावडरीला ते विरजणासारखे लागत होते. मी वाट्या घासून दिल्या. रिक म्हणाला, "एवढ्यासाठी बोस्टनहून पीएचडी आली?" मी म्हणाले, "हो. आणि परत जाताना चहा मिळाला तर बरं." त्याने कॉफी दिली.

ही गोष्ट इथे सांगायचं कारण असं, की परतीच्या विमानात ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. स्फटिकाला एकट्याने सुरुवात करायचा कंटाळा असतो. शेजारी कोणी आधीच ओळीत बसलेलं असेल तर तो येऊन बसतो. विचार आला आणि गेला. माझ्याकडे असे विचार येतात आणि जातात.

मध्ये बरीच वर्षं गेली. बार्बरा निवृत्त झाली. आणि मग संगणकाचे ते प्रोग्राम आले, जे प्रोटीनच्या साखळीतल्या कड्यांचा क्रम दिला की आकार सांगून मोकळे होतात. थेंब नाहीत, गाळ नाही, सुई नाही. आमची अख्खी विद्या एका दुपारीत जुनी झाली. मी बातमी वाचली आणि पहिल्यांदा मनात आली बार्बरा. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "तुला ते वापरता येतं का? मग लॅपटॉप घेऊन ये."

ती वूस्टरजवळच राहते, एकटी. वय झालंय, काठी आली आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिचं प्रोटीन प्रोग्रामला दिलं. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि पडद्यावर आकार आला. निळा, सुबक, गोल फिरवता येणारा. तिच्या उभ्या आयुष्याचं उत्तर. मला तिच्याकडे बघायचं धाडस होईना म्हणून उठून उगाच फ्रिज उघडला. आत दुधाच्या मागे ती शॅम्पेनची बाटली होती.

"नीता, इकडे ये. हे चूक आहे."

तिने पडद्यावर बोट टेकवलं होतं. "हे वळण. असं आत वळलं तर कॅल्शियम बसणार कुठे? आणि कॅल्शियमशिवाय हे टिकत नाही. मी सगळ्या तऱ्हेने करून बघितलंय."

स्वतःची खात्री असेल तिथे प्रोग्राम निळा रंग दाखवतो, आणि त्या वळणावरही निळाच होता. मी ते वळण खूप वेळ बघितलं. मला काही दिसलं नाही. मला थोडी खनिजं कळतात, थोडी हाडं, थोडी यंत्रं, थोड्या उल्का. पण एका वळणाकडे बघून हे चूक आहे असं म्हणायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं, आणि ते एका जागी बसल्याशिवाय येत नाही, हेही मला त्या टेबलाशी कळलं. फार वाईट वाटलं. मी ते तिला सांगूनही टाकलं.

"वेडी आहेस," बार्बरा म्हणाली. मग काठीने शेजारची भिंत ठोकली. "या भिंतीत जिप्सम आहे. मी याच घरात जन्म काढला. माझ्या थेंबात ते आलं तर मला ओळखता आलं नाही." काठी खाली टेकवत ती म्हणाली, "विद्यापीठ माझा फ्रीझर रिकामा करतंय. त्यात ते प्रोटीन बनवणाऱ्या बॅक्टेरियाचं बियाणं आहे. मला आता लॅबच्या टेबलाशी उभं राहवत नाही. तुला एका जागी बसता येत नाही हे माहीत आहे. तरी विचारते, ते तू घेशील का?"

मी हो म्हणाले. काकांना म्हणाले तसंच, विचार न करता.

कंपनीतल्या माझ्या साहेबांनी शुक्रवारची दुपार आणि एक कोपरा दिला. आमची मुलगी ईशा म्हणाली, "आई, यू आर सो रँडम. ते काम तर कॉम्प्युटरने ऑलरेडी केलंय ना?" मी म्हणाले, "एका म्हातारीला ते पटलेलं नाही." शुक्रवारमागून शुक्रवार पुन्हा थेंब बघणं सुरू झालं. सल्फेट या वेळी शपथेलाही घातलं नाही. तरी गाळ तो गाळच. पाय वळवळायचे, मन दुसरीकडे पळायचं, आणि मी स्वतःला खुर्चीत दाबून बसवायचे. मग एका शुक्रवारी रिकच्या वाट्या आठवल्या. प्रोटीनला शेजारी कोणीतरी ओळीत बसलेलं हवं. टॉम अजून शिकवतो आहे. त्याच्याकडे जाऊन मी त्याच्या कपाटातल्या सगळ्या खनिजांची चिमूट-चिमूट पूड आणली आणि थेंबांत टाकली. बाकीच्यांत काही झालं नाही. अभ्रकाच्या थेंबात, एका कणाच्या कडेला, स्फटिक आला.

एकच. स्वच्छ. काचेसारखा.

त्या दोन काचा लावून बघितलं. फिकट राखाडी. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच गेला, कारण अभ्रकाचा पापुद्रा आडवा पडला तर तोही तसाच फिकट दिसतो. खोटा स्फटिक घेऊन बार्बराला पुन्हा फोन करायची माझ्यात ताकद नव्हती. आणि खरा असेल तर सुईखाली त्याचा चुराडा होणार होता. खऱ्याला पुन्हा बोलावता येतं, असं मी स्वतःला सांगितलं.  आयुष्यात पहिल्यांदा मला कुठेही जायचं नव्हतं. मी सुई उचलली, वाकले, आणि दाबली.

मग बार्बराला फोन लावला आणि स्फटिक आला म्हणून सांगितलं. तिने नेहमीप्रमाणे कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही.

"किती आहेत?"

"एकच होता."

"होता?"

"मी सुई लावली."

 तिने हळूच विचारलं, "आवाज आला?"

"नाही आला, बार्बरा."

तिकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.  मग काठी टेकत टेकत कोणी चालल्याचं ऐकू आलं, आणि फ्रिजचं दार उघडल्याचं.